विचारणाऱ्या मॅडम

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला प्रश्नावलीची भीती वाटत नाही. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला आले, त्या गावाचं पुढे सेवाग्राम झालं, आणि तेव्हापासून इथल्या खेड्यांत बाहेरून कोणी ना कोणी येतंच आहे. सूत कातायला शिकवणारे आले, संडास बांधा म्हणणारे आले, भूदानवाले आले. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं. तिथली एमबीबीएसची प्रत्येक नवी तुकडी एकेक गाव दत्तक घेते आणि घरोघर जाऊन माहिती लिहून आणते. त्यात सावंगीचं मेडिकल, समाजकार्याची कॉलेजं, हिंदी विश्वविद्यालय आणि आमच्यासारखे टॅबवाले यांची भर. विहीर किती लांब, चूल की गॅस, हात कधी धुता, हे या ओट्यांवर इतक्यांदा विचारून झालंय की उत्तरं आता प्रश्नाच्या आधी येतात. एका आजीबाईंनी मला बसायला चटई टाकली आणि विचारलं, “तुमचं हो-नाई वालं आहे का नेहमी-कधीकधी-कधीच नाई वालं?”

माझं नेहमी-कधीकधी वालं होतं. “मंग वेळ लागते,” म्हणून त्या सुपात तुरीची डाळ घेऊन ऐसपैस बसल्या.

काम असं. तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत काय शिकतात, त्यांच्या घरी काय वातावरण आहे, याचा अभ्यास कुठे तरी ठरतो. तो ठरवणारे पुण्यात, दिल्लीत किंवा साता समुद्रापलीकडे असतात. मुलं मात्र आर्वीत, समुद्रपुरात, सेलूत, देवळीत असतात. या दोन टोकांच्या मध्ये एक स्कूटर असते, तिच्या डिकीत चित्रांची कार्डं, लाकडी ठोकळे, खडू, टॅब, पॉवर बँक आणि पाण्याची बाटली असते, आणि स्कूटरवर मी असते. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून झोकात गेलाय, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. त्यामुळे मी त्याच्या खालून जाते.

मुलापर्यंत पोहोचण्याआधी संमतीपत्र. ते मोठ्यानं वाचून दाखवायचं असतं, एकही वाक्य न गाळता. त्यातलं एक वाक्य असं: ‘या अभ्यासात सहभागी झाल्याने आपणास कोणताही प्रत्यक्ष लाभ मिळणार नाही.’ इथं आजीबाईंचा डाळीतला हात थांबला.

“पुन्हा वाच.”

मी वाचलं.

“घरकुल?”

“नाही.”

“निराधारचे पैसे?”

“नाही आजी, काहीच नाही.”

“मंग बस. आतापर्यंत आले ते सारे देतो म्हणून गेले. तू नाई म्हणून आली. तू खोटं नाई बोलत.” आणि अंगठा पुढे आला.

संशोधनाच्या नीतिशास्त्रावर पुष्कळ लिहिलं गेलंय. त्या एका वाक्याचा असा उपयोग होईल हे ते लिहिणाऱ्यांच्या मनात असेल असं वाटत नाही. घरच्यांनंतर मुलाचीही संमती घ्यायची असते, आणि गावाला खरी गंमत वाटते ती याची. ‘माझ्याबरोबर खेळायला येशील का?’ असं चार वर्षांच्या माणसाला विचारायचं, आणि तो नाही म्हणाला तर गप उठून जायचं. “त्याले काय विचारता मॅडम, बसवा त्याले धरून,” असा सल्ला प्रत्येक ओट्यावर मिळतो. त्याला विचारायचं कारण मला पटतं. आयुष्यात इतका खडखडीत नकार देण्याची संधी पुढे त्याला कधी मिळेल, सांगता येत नाही. नकार बहुतेक वेळा पिशवी पाहूनच येतो. पिशवी आणि गळ्यात ओळखपत्र असलेली बाई म्हणजे सुईवाली. मग पिशवी उलटी करून दाखवायची. सुई नाही अशी खात्री पटली की लगेच पुढची चौकशी: “मंग चॉकलेट?”

वयाची भानगड मात्र मोठी. वर्षं चालत नाहीत, महिने लागतात, कारण सत्तेचाळीस महिन्यांचं मूल आणि एकोणपन्नास महिन्यांचं मूल यांना फॉर्मही वेगळा. माता-बाल कार्डावर एक तारीख, आधारवर दुसरी, अंगणवाडीच्या रजिस्टरला तिसरी. त्यात पहिलीत लवकर घालण्यासाठी एखाद्या मामाने मध्येच वाढवलेले चार महिने. अशा वेळी स्थानिक घटनांचं कॅलेंडर कामी येतं. एका आईनं सांगितलं, “आमी सिंदीले तान्ह्या पोळ्याले गेलो होतो, तिथंच पोटात दुखाले लागलं.” सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा, म्हणजे मोठ्या पोळ्याचा दुसरा दिवस, पिठोरी अमावस्येनंतरची प्रतिपदा. त्या वर्षाचं पंचांग काढलं की तारीख हातात. आधार कार्ड दुरुस्त करून मिळतं, पण लाकडी नंदीबैल घेऊन अख्खं सिंदी ज्या दिवशी रस्त्यावर होतं तो दिवस कोणाच्या मामालाही हलवता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. या कामात एकच कौशल्य लागतं, आणि ते अंगी बाणवणं आमच्या भागात जवळपास अशक्य आहे: चेहरा कोरा ठेवणं. मुलानं बरोबर सांगितलं तरी तोच चेहरा, चूक सांगितलं तरी तोच. ‘शाब्बास’ म्हणायची बंदी. म्हणायचंच झालं तर ‘छान बसलायस’ किंवा ‘छान ऐकतोयस’, आणि तेही बरोबर-चूक न पाहता, ठरावीक अंतरानं. उत्तर सुचवायचं नाही, भुवया उचलायच्या नाहीत. ज्या जिल्ह्यात पाणी मागितलं तर आधी गूळ येतो, तिथं समोरच्या लेकराकडे टपाल खात्याच्या खिडकीसारखं बघत बसायचं. आणि शिकवायचं तर बिलकूल नाही. मुलगा निळ्याला हिरवा म्हणाला, तर तो हिरवा घेऊन घरी जाणार आणि मी बघत राहणार. दुसऱ्याच्या पोराची चूक दिसूनही गप्प बसणारी बाई अख्ख्या विदर्भात मी एकटीच असेन.

मुलांनी यावर स्वतःचा सिद्धांत मांडलेला आहे. एकदा एक पोरगी सकाळपासून दारात बसून होती. आत एकेक मूल येत होतं, मी लाल कार्ड दाखवून ‘हा कोणता रंग?’ विचारत होते, मूल ‘लाल’ म्हणत होतं, मी कोऱ्या चेहऱ्यानं टॅबवर बोट ठेवत होते. तिचा नंबर आला. मी लाल कार्ड काढलं. तिनं कार्डाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. आवाजात दया होती.

“सकाळपासून सारे सांगून राहिले न वो मॅडम तुमाले, लाल आहे म्हणून. ध्यानात नाई राहत का?”

तिचं चुकलं काय? गावात प्रश्न विचारतो तो ज्याला माहीत नसतं तो. ‘कोणाचा रे तू?’, ‘तुझी माय कुठं गेली?’, ‘बकरी इकडून गेली का?’ हे खरे प्रश्न. विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं आणि उत्तर मिळालं की तो चालायला लागतो. उत्तर ठाऊक असून विचारायचं, ही शाळेची रीत. तान्ह्या मुलाशी आपण ती पाळतो, ‘नाक कुठाय, कान कुठाय’ करतो, पण लेकरू चालायला लागलं की कोणाच्या घरी एवढी फुरसत? मग ज्या घरी मोबाईलवर एबीसीडी लावून ‘हे काय आहे सांग बेटा’ चालतं, त्या घरचं पोर माझ्यापुढे फाडफाड बोलतं. ज्याची आई सकाळी सातला कापूस वेचायला जाते, ते पोर माझ्याकडे संशयानं बघतं. टॅबवर ही गोष्ट ‘रंगज्ञान’ या नावाखाली जाते. मला विचाराल तर त्यात निम्मं रंगज्ञान असतं, आणि उरलेलं अर्धं म्हणजे निरर्थक प्रश्नाला मुकाट उत्तर द्यायची तयारी. ती शाळेत पुढे फार उपयोगी पडते, हेही खरं.

हे नुसतं माझं रडगाणं नाही. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडायच्या आणि विचारायचं, दोन्हींत सारख्याच आहेत ना? मूल हो म्हणतं. मग मुलाच्या डोळ्यांदेखत एक ओळ लांबवायची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. लहान मुलं हमखास सांगतात, लांब ओळीत जास्त. यावरून पियाजेनं ठरवलं की या वयात संख्येची कल्पना पक्की झालेली नसते. १९७४ साली जेम्स मॅकगॅरिगल आणि एडिनबराच्या मार्गारेट डोनाल्डसन यांनी त्यात एक खोडकर टेडी अस्वल आणलं. ओळ विस्कटायची ती अस्वलानं, मोठ्या माणसानं नाही. मग त्याच वयाची कितीतरी जास्त मुलं म्हणाली, सारख्याच आहेत. मोठं माणूस स्वतः ओळ हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारतं, तेव्हा मुलाला वाटतं, आपलं आधीचं उत्तर यांना पसंत पडलेलं नाही. अस्वलानं घोळ घातला की पुन्हा विचारायला निदान कारण असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींनी ‘पुन्हा सांग’ म्हटलं की उत्तर बदलायचं असतं, हे आपल्यापैकी कोणाला वेगळं सांगावं लागलं होतं?

माझ्या आधी हा धंदा केलेल्यांची मला फार आठवण येते. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिनेनं १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली. पुढे तीत लहान मुलांसाठी चार नाणी मोजणं, दोन वजनांतलं जड ओळखणं, चौकोन काढणं असली कामं होती. १९३० च्या दशकात धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी ती कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली. आमच्या शेजारी नागपुरात डॉ. मलिन यांनी १९६९ मध्ये वेश्लरची चाचणी भारतीय मुलांसाठी उतरवली. कामतांसमोर बसलेल्या त्या मराठी पोरांनी काय काय सांगितलं असेल! पुस्तकात गुण येतात, पोरांची उत्तरं येत नाहीत.

माझ्याकडची काही सांगते. ‘प्राण्यांची नावं सांग’, असा प्रश्न. एक मुलगा म्हणाला, “सर्जा, राजा, ढवळी, मोत्या.” दोन बैल, एक गाय, एक कुत्रा. नियमाप्रमाणे ही विशेषनावं. प्राणी शून्य. ज्याच्या गोठ्यात चार जनावरं आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव ज्याला पाठ आहे, त्याला प्राणी माहीत नाहीत अशी सरकारदरबारी नोंद व्हायची होती. नशिबानं नंतर त्याला डुक्कर आठवलं. बोर अभयारण्याच्या बाजूच्या गावांत तर पहिलं नाव वाघ येतं, आणि ते एकटं येत नाही. “वाघ. परवा नाल्यावर आला होता. आमच्या काकाची कालवड नेली.” टॅबवर वाघापुढे एक खूण करायची आणि म्हणायचं, ‘आणखी?’ ‘बाजारात खायला काय काय मिळतं?’ याला एकीनं उत्तर दिलं, “पाच रुपयेवाली पुडी, दहा रुपयेवाली पुडी.” थोडा विचार करून, “वीस रुपयेवाली.” ही एक वस्तू की तीन, यावर त्या रात्री आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुष्कळ वाद झाला. ‘पेन्सिल टेबलावर ठेव आणि दाराला हात लावून ये’ ही सूचना ऐकून एक मुलगा पेन्सिल घेऊन उभाच राहिला. दोन सूचना लक्षात ठेवता येतात का, ते पाहायचं होतं. त्याच्या लक्षात दोन्ही होत्या. खोलीत टेबल नव्हतं. आणि ‘हा मुलगा का रडतोय?’ या चित्रावर पडला, हरवला, भूक लागली, अशी उत्तरं छापील पुस्तिकेत दिलेली आहेत. आमच्याकडे सर्रास येणारं उत्तर त्यात नाही: “त्याच्या पप्पानं मोबाईल घेतला.”

मुलं झाली की वर्गाचं निरीक्षण. त्याच्या मापनपट्ट्यांची आजी म्हणजे थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी अमेरिकेत १९८० मध्ये तयार केलेली पट्टी. एक ते सात गुण. कोपऱ्यात अदृश्य होऊन बसायचं आणि बघायचं. या पट्टीत मुलांच्या एकांतासाठी जागा आहे का, असाही एक मुद्दा आहे, म्हणजे गलक्यातून उठून मुलाला घटकाभर एकटं बसता येईल असा कोपरा. आमची अंगणवाडी एका खोलीची. त्यात धान्याची पोती, पोषण आहाराची पाकिटं, वजनकाटा, रजिस्टरांचं कपाट, पाण्याचं पिंप, आणि उरलेल्या जागेत बालशिक्षण. मी ‘नाही’ लिहिणार एवढ्यात एक मुलगा उठला, पोत्यांच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत जाऊन बसला, आणि खिशातला चिंचोका काढून निवांत बघत बसला. मी खूण बदलली. हार्म्सबाईंनाही ते मान्य व्हावं.

अदृश्य होणं तर त्याहून अवघड. मी येणार म्हटल्यावर सेविकाताई ठेवणीतली साडी नेसतात आणि ‘आकार’ अभ्यासक्रमातली वर्षभराची गाणी एका सकाळी घेतात. सूर, हातवारे, सगळं उत्तम. तिसऱ्या गाण्याला एक पोट्टं न राहवून बोललं, “ताई, आज काऊन इतके गाणे म्हणून राहिले?” ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी टॅबकडे. मुलाची चाचणी चालू असताना ताई त्याच्या मागे उभ्या राहून नुसते ओठ हलवतात, तेही मी बघत नाही. त्यांच्या जागी कोणीही हेच करील. वजनं, लसीकरण, गृहभेटी, आहारवाटप, पोषण ट्रॅकरवरच्या रोजच्या नोंदी, आणि या सगळ्याला ‘पगार’ नाही, ‘मानधन’. त्यात मी आणखी एक तपासणीस. मी तपासत नाही हे कितीही सांगा. गळ्यात ओळखपत्र घालून आलेल्या माणसानं आजवर तपासण्याशिवाय दुसरं काही केलेलं त्यांनी पाहिलेलं नाही.

खरं तर या जिल्ह्याचं नाव शिक्षणाच्या इतिहासात मोठं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली, आणि देशभर ‘वर्धा योजना’ म्हणून गाजली ती नई तालीम. पण ती होती सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. माझी गिऱ्हाइकं तिच्यात बसत नाहीत. १९४५ मध्ये गांधीजींनी शिक्षणाची हद्द जन्मापासून मरणापर्यंत वाढवली आणि मग सेवाग्रामला शांता नारुलकर यांनी पूर्व-बुनियादीचं काम उभं केलं. खेड्यातलं मूल, खेड्यातल्याच वस्तू, घरातली आणि अंगणातली कामं, हेच तिथलं शिक्षणसाहित्य. त्याच १९४५ मध्ये तिकडे बोर्डीला ताराबाई मोडक यांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मग २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली. अंगणवाडी हा शब्द ताराबाईंचा, अंगण मात्र राहिलं नाही. एक खोली आली आणि तिच्यात पोती आली. आता २०२० च्या धोरणात पुन्हा तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर आलाय. नारुलकरबाईंना कोणी टॅब दिला असता तर त्यांनी त्यावर काय टिपलं असतं, असं मला कापसाच्या शेतांमधून स्कूटर नेताना कधी कधी वाटतं. चाचणी घेण्याऐवजी त्यांनी बहुधा सर्जा-राजावाल्या मुलाला घेऊन गोठा गाठला असता.

मला तशी मुभा नाही. दुपारी फॉर्म सिंक करायचे, रेंज नसेल तर पाण्याच्या टाकीजवळच्या ओट्यावर उभं राहायचं, आणि निघायचं. निघताना ताई भेट-पुस्तिका पुढे करतात. प्रत्येक अंगणवाडीत ती असते. आलेल्या पाहुण्यानं शेरा लिहून सही करायची. मी मागची पानं चाळते. पर्यवेक्षिका, प्रकल्प अधिकारी, सरपंच, कुठले कुठले प्रशिक्षक. सगळ्यांचा शेरा एकच: ‘अंगणवाडीस भेट दिली. उपस्थिती समाधानकारक. आवश्यक त्या सूचना दिल्या.’ पान उलटा, सूचना दिल्या. पुन्हा उलटा, सूचना दिल्या.

मला मत द्यायची मनाई आहे. म्हणून मी लिहिलं, ‘भेट दिली. मुलांना प्रश्न विचारले.’

ताईंनी वाचलं. “असं कोणी लिहिते का मॅडम? सूचना दिल्या लिहा न.”

“पण मी दिल्याच नाहीत.”

“त्याइनं तरी कुठं दिल्या होत्या?” त्या म्हणाल्या. “बरं, राहू द्या. मंग एवढं तरी लिहा, वजनकाटा बिघडला आहे. मी सांगून सांगून थकली. बाहेरच्यानं लिहिलेलं साहेब वाचते.”

माझ्या नियमपुस्तिकेत वजनकाट्याबद्दल काही नव्हतं. मी लिहिलं: ‘वजनकाटा नादुरुस्त आहे. बदलून मिळावा.’ खाली सही केली, तारीख टाकली. ताईंनी पुस्तिका पुन्हा माझ्याकडे सरकवली आणि ‘नादुरुस्त’खाली रेघ मारायला लावली.